खाडी, घाटी आणि सडा: मांडव्याहून तेरेखोलपर्यंत सायकलवर

मुंबई-गोवा महामार्गावरून कितीही वेळा जा, महाराष्ट्राची हद्द संपेपर्यंत समुद्र काही दिसत नाही. पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली असा तो आतल्या अंगाने जातो. ट्रक, कंटेनर, खासगी बस, गणपतीला निघालेले चाकरमानी, सगळा भार त्याच्यावर. किनाऱ्याचा रस्ता निराळा. कागदावर तो रेवस ते रेडी असा एकच सागरी महामार्ग. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते, म्हणजे १९८०-८२च्या सुमारास, तेव्हापासून त्याचं नाव कानावर आहे. प्रत्यक्षात त्याचे तुकडेच तुकडे. सह्याद्रीतून निघालेली नदी समुद्राला मिळायच्या आधी खाडी होऊन रस्ता तोडते. काही खाड्यांवर पूल झाले, मोठ्या खाड्यांवर नाहीत. तिथे डांबरी रस्ता उतरत उतरत थेट पाण्यात शिरतो आणि समोरच्या काठावर बाहेर येतो.

आमच्यासारख्यांचं फावतं ते इथेच. घाईतलं एकही वाहन ह्या वाटेला लागत नाही. बोटीची वाट बघत कोण बसणार? उरतात ती गावातल्या गावात फिरणारी वाहनं: लाल डबा, सहा आसनी रिक्षा, दुचाक्या, चिऱ्यांचे ट्रक. ऐन दिवसा किलोमीटरच्या किलोमीटर आपल्या चेनचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

मी डोंबिवलीची, बँकेत नोकरी, पन्नाशीला टेकलेली. सोबत माझा भाचा, माझ्या निम्म्या वयाचा आणि दुप्पट दमाचा. जानेवारीत निघालो. कोकणात सायकल न्यायची तर डिसेंबर-जानेवारीच. ऑक्टोबरात उकाड्याने जीव जातो, मार्चनंतर दुपारी डांबर पायाला चटका देतं, आणि पावसाळ्याबद्दल बोलायलाच नको. दिशाही ठरवून घेतली, उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात सकाळी डोंगराकडून मतलई वारा असतो, तो हलका. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो बराचसा वायव्येकडून येतो. दक्षिणेला तोंड असेल तर दमलेल्या पायांना त्याची थोडी मदत होते. उलटं जाणारे दोघे आम्हाला हेदवीच्या अलीकडे भेटले, त्यांचे चेहरे पाहून वाऱ्याचा हिशेब पटला.

सायकलीचं थोडं सांगते, कारण सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच होते. महागडी लागत नाही. माझी साधी हायब्रिड आहे. लागतो तो हलका गिअर. माझ्या सायकलीला पुढे तीन चकत्या आहेत, सगळ्यात लहान २६ दात्यांची. मागची मोठी चकती ३४ दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) निघण्याआधी मुद्दाम बसवून घेतली. टायर ३८ मिलिमीटरचे, कारण वाडीतले रस्ते कुठे डांबरी, कुठे खडी उखडलेले, कुठे नुसती लाल माती. सामान मागच्या कॅरिअरला दोन पिशव्यांत. पाठीवर काहीही घेऊ नये. कोकणच्या दमट हवेत पाठीवरची सॅक तासाभरात नकोशी होते. आणि ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्याच असाव्यात. चांगलं सायकलचं दुकान तालुक्याच्या गावाला मिळालं तर मिळालं. पण पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावून नाक्यानाक्यावर बसलेला असतो, आणि त्याची नळी बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, सायकली मांडव्याला नेल्या. सोमवारी निघालो, तेही ठरवून. मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड ह्या पट्ट्यात शनिवार-रविवारी अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं असतं; शांत रस्त्याच्या शोधात निघालेल्याने त्या दोन दिवसांत इकडे फिरकूच नये. सोमवारी मात्र चौलच्या वाड्यांतून जाताना दोन्ही बाजूंची सुपारी आणि मधला अरुंद रस्ता एवढंच होतं. रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लईचा किल्ला उजवीकडे मागे पडला, आणि मुरूडला पोचेपर्यंत विशेष काही घडलं नाही. खरी सुरुवात आगरदांड्याला.

आगरदांडा ते दिघी ही खाडीवरची पहिली फेरीबोट. पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गावातले लोक हिला जंगलजेटी म्हणतात. रीत सगळीकडे सारखीच. काठावर तिकिटाची टपरी, बोट लागली की तिची झडप सिमेंटच्या उतारावर आपटते, गाड्या उलट्या आत जातात, मग दुचाक्या, आणि उरल्यासुरल्या जागेत सायकली. शेवटी चढलेलं आधी उतरतं, म्हणजे पलीकडच्या काठावर पहिला मान आमचा. पहिल्या दोन बोटींना ह्या मानाचा फार आनंद झाला. उतरलं की लगेच घाटी सुरू होते, आणि आपण हलक्या गिअरवर मुंगीच्या पावलाने चढत असताना बोटीतून सुटलेल्या सगळ्या गाड्या एकामागून एक मागे येऊन हॉर्न वाजवतात. भाच्याने मग नियम काढला: "मावशी, उतरायचं, टपरीवर चहा मागवायचा. सगळ्यांना जाऊ दे." चहा संपेपर्यंत गाड्या पांगतात. पुढची बोट येईपर्यंत घाटीवर चिटपाखरू नसतं. हा रस्ता शांत कसा राहतो ते मला त्या चहाच्या टपऱ्यांवर दिसलं. वाहतूक बोटीच्या मापाने येते, आणि दोन मापांच्या मधला वेळ आपला.

आता घाटीबद्दल. समुद्रकिनाऱ्याने जायचं म्हटलं की लोकांना सपाट रस्ता डोळ्यांपुढे येतो. "मग काय, सगळं लेव्हलच असेल!" असं ऑफिसात मला बऱ्याच जणांनी सांगितलं. वस्तुस्थिती अशी की रायगडातून रत्नागिरीत शिरलं की सपाटी खाडीच्या काठापुरती किंवा पुळणीमागच्या नारळी-सुपारीच्या पट्ट्यापुरतीच. तिथून रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो. सडा म्हणजे वर पसरलेलं उघडंबोडकं पठार, उंची शंभर-दीडशे मीटर. दोन-चार किलोमीटर त्याच्यावरून गेलं की पुढची खाडी किंवा गाव दिसतं आणि रस्ता सगळी उंची खाली फेकून देतो. तिथून परत चढ. घाट एकदा चढला की चढला. इथे मिळवलेली उंची तासाभरात हातची जाते. नकाशावर ५० किलोमीटर दिसतात, पण असा सडा पाच-सहा वेळा चढला-उतरला की संध्याकाळपर्यंत सातआठशे मीटर चढाई पायांत उतरलेली असते. शिवाय घाट बांधताना चढ किती ठेवायचा ह्याचा काही विचार झालेला असतो. घाट्या पूर्वीच्या पायवाटांवरून गेलेल्या, त्यामुळे काही वळणं दहा-बारा टक्क्यांची. मी तिथे सरळ उतरते आणि सायकल ढकलते. भाच्याला त्याची लाज वाटायची, मला कधीच वाटली नाही.

पुढे चढ आहे का, हे विचारायचं कोणाला हाही अनुभवाचा भाग. दुचाकीवाल्याला विचाराल तर तो म्हणणार, "नाय ओ, सरळच हाय." त्याच्या गाडीला तो चढ जाणवतच नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या म्हातारीला विचारा. केळशीच्या अलीकडे एकीने आम्हाला हातवारे करत चढाचा अख्खा नकाशा सांगितला: आधी एक टेप, म्हणजे टेकाड, मग वडाजवळ श्वास घ्यायला जागा, मग दुसरं टेप, "त्ये मातुर मोठं हाय बाय." मीटरमध्ये मोजून कोणी सांगितलं असतं तरी इतकं अचूक उतरलं नसतं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल-शेखाडीवरून जाणारा तुकडा मात्र ह्या हिशेबातून वगळायचा. इथे रस्ता खरोखरच समुद्राच्या अंगाअंगाने जातो, एका हाताला खडक आणि लाटा, दुसऱ्या हाताला डोंगर. शेखाडीचं नाव १९९३ साली सगळ्या वर्तमानपत्रांत होतं, मुंबईच्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स इथे उतरलं म्हणून. आज तिथे होड्यांना रंग देणारी माणसं होती आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली मासळी. त्या मासळीतून सायकल काढताना भाच्याने नाक धरलं आणि एका हाताने हँडल धरून तो पडता पडता वाचला.

जेवणाची व्यवस्था शहराच्या सवयीने होत नाही. आडगावात हॉटेल नसतं, घरगुती खानावळ असते, आणि ती माणसं मोजून भात टाकते. सकाळी दहाच्या आत फोन करून "दोन ताटं" म्हणून सांगून ठेवावं लागतं, शाकाहारी की मासळी तेही. न सांगता दुपारी दोन वाजता दारात उभं राहिलं तर घरातली बाई बिचारी अवघडून जाते. आम्हाला तरी कोणी उपाशी पाठवलं नाही. आडे-पाडल्याच्या बाजूला एका घरी ताटं संपलेली होती, तर त्या वहिनींनी स्वतःसाठी केलेली कुळथाची पिठी आणि भात वाढला, वर सुका बोंबील भाजून. माझ्या मते सायकल चालवणाऱ्यासाठी पिठी-भातासारखं अन्न नाही. पोटात जड पडत नाही आणि दुपारच्या सड्यावर दगा देत नाही. सुरमईची थाळी रात्रीला ठेवावी.

फोन करायचा म्हणजे रेंज हवी, ती गावात नसते. गाव खळग्यात, मनोरा कुठेतरी वर. त्यामुळे दुपारच्या जेवणाचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा, दोन्ही फोन सड्यावरून. चढ संपला की धाप लागलेली असतानाच मी फोन लावायची. पलीकडच्या बाईला वाटायचं, हिला काहीतरी झालंय.

अजून एक, कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बायकांना वाटेत आडोशाची सोय काय? एसटी स्टँड असेल तिथे स्वच्छतागृह असतं, त्याच्या अवस्थेबद्दल न बोललेलं बरं. मी सरळ कुठल्याही घराच्या अंगणात सायकल टेकवून "ताई, जरा बाथरूमला जाऊ का?" असं विचारायची. एकीनेही नाही म्हटलं नाही, उलट पाणी, कोकम सरबत आणि "एकट्याच?" ही चौकशी. सड्यावर तासन् तास दोघंच असायचो, कधी भाचा पुढे गेलेला असला तर मी एकटी. भीती वाटावी असं काही घडलं नाही. भुंकणारे कुत्रे भेटले. त्यांना बघून सायकलवरून उतरलं आणि चालायला लागलं की त्यांचा उत्साह संपतो.

दाभोळ एके काळी दख्खनचं मोठं बंदर होतं, मक्केला जाणारी जहाजं इथून सुटायची. आज तिथला धक्का म्हणजे फेरीची रांग. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनच्या नावाने गाजलेला वीजप्रकल्प दिसतो. दाभोळ ते धोपावे पाण्यावरून दहा मिनिटं. बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा सगळा वळसा. बोटीत माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, गुहागरच्या बाजूला माहेर, दाभोळच्या बाजूला सासर. रात्री बोट बंद झाली की माहेर शंभर किलोमीटरवर जातं, असं ती म्हणाली. हे वाक्य मी विसरले नाही, त्याच्याकडे पुढे येते.

वेळणेश्वरच्या जवळ ज्या घरी उतरलो तिथे सायकली धुण्याचा कार्यक्रम झाला. ह्या रस्त्यावर सायकलीला दोन गोष्टी खातात, खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ. चेनला तेल असतं, तेलाला धूळ चिकटते, आणि दोन दिवसांत दात्यांमध्ये लाल मलम साचतं. ते मलम कानशीसारखं काम करतं. चेन आणि चकती दोन्ही झिजवतं. आम्ही सायकली खळ्यात उलट्या केल्या, सीट आणि हँडलवर उभ्या. घरमालकांनी फवारणी पंपाच्या इंजिनासाठी ठेवलेलं थोडं पेट्रोल नारळाच्या करवंटीत ओतून दिलं, सोबत जुना दात घासायचा ब्रश. चेन हाताने उलटी फिरवत एकेक कडी ब्रशने घासायची, मग फडक्यात धरून ओढायची. पहिल्यांदा फडकं विटेच्या रंगाचं झालं, मग काळं, मग करडं. मग प्रत्येक कडीच्या लाटण्यावर तेलाचा एकच थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून कोरडं. वरून भरपूर तेल सोडणं म्हणजे उद्याच्या धुळीला आमंत्रण. घरमालक पडवीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "एवढी निगा आमी बैलाची पन नाय केली कदी." मग विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकली वरवर धुतल्या. जोराचा फवारा नको. बेअरिंगमध्ये पाणी शिरतं.

जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे निवळीकडे जाणाऱ्या रस्त्याला अवजड ट्रक. तो चुकवून मालगुंडकडे वळलं की पुन्हा शांत. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे. तिथे अर्धा तास बसलो, खरं सांगायचं तर सावलीसाठी. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा चढ येतो. त्या वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात आणि सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. रत्नागिरीत एक दिवस मुक्काम, कपडे धुणं, भाच्याच्या सायकलीचे ब्रेक पॅड बदलणं.

रत्नागिरीच्या खाली, भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी आणि तिथून कशेळी-आडिवऱ्याचा सडा. मला विचाराल तर सगळ्या वाटेतला हा सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात चांगला तुकडा. इथे पूल आहेत, बोट नाही, तरी वाहनं नाहीत; पुढे जैतापूरची खाडी, मग वाघोटणची, मग देवगडची, इतक्या वळणांनी कोणी गोव्याला जात नाही. जानेवारीत आंब्याच्या कलमांना मोहोर असतो. वास सुंदर असतो, पण त्याच्या पाठोपाठ फवारणीचाही वास येतो. पंपाचा आवाज ऐकू आला की रुमाल नाकाला बांधून वेग वाढवायचा. बागांच्या राखणीला नेपाळी गुरखे असतात. एका बागेच्या फाटकावर त्यातल्या एकाने आम्हाला बाटल्या भरून दिल्या. डोंगराळ मुलखातला माणूस, चढावर दमलेल्याला पाणी लागतं हे त्याला सांगावं लागलं नाही. सड्यावर पाणी नाही हे पक्कं लक्षात ठेवायचं. एवढा पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. खाली गावात बाटल्या भरल्याशिवाय घाटीला लागायचं नाही, माणशी दोन लिटर.

कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे, आणि सड्यावर कातळशिल्प. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी ही नावं आहेत. कशेळीचा हत्ती जमिनीवर कोरलाय, उभ्या कड्यावर नाही, त्यामुळे तो एका नजरेत येतच नाही. आधी नुसत्या रेघा दिसतात, मग त्यांच्याभोवती चालत गेलं की सोंड कळते, पाय कळतात. हत्तीच्या अंगात मासे, पक्षी, आणखी जनावरं. मी बूट काढून कडेला उकिडवी बसले आणि एका रेघेत बोट घातलं, दोन पेरं आत गेलं. धातूचं हत्यार हाताशी नसलेल्या माणसाने हे कशाने खोदलं असेल, ह्यावर भाच्याने आणि मी पुढचा सगळा उतार वाद घातला. सायकलवरून वाद घालायला उतारच बरा, चढाला दम पुरत नाही.

एसटीबद्दल दोन शब्द. अरुंद रस्त्यावर आंधळ्या वळणाला एसटी समोर आली तर कोणी कुठे जायचं ह्याला चर्चा नाही, आपण कच्च्यात उतरायचं. चालक मात्र फार सांभाळून घेतात. लांबून एक हॉर्न द्यायचे, आम्ही कडेला झालो की जाताना हात करायचे. चिऱ्यांच्या ट्रकांकडून ती अपेक्षा ठेवू नये. खाणीचा फाटा दिसला की कान उघडे ठेवायचे आणि इअरफोन पिशवीतच.

मालवणपुढे कर्ली नदीची खाडी. नेरूरपारच्या पुलावरून वळसा घालता येतो, पण देवबागच्या टोकाला होडी मिळते असं कळलं म्हणून तिकडे गेलो. होडीवाल्याने आमच्याकडे, मग सायकलींकडे पाहिलं. "खंयसून इलात?" डोंबिवली म्हटल्यावर, "सायकलीर? आनी हो झील काय तुमचो?" भाचो, असं मी माझ्या मोडक्या मालवणीत सांगितलं. तो हसला आणि कामाला लागला. आधी पिशव्या काढायला लावल्या. जाळं एका बाजूला सारून तळाशी दोन फळ्या टाकल्या, त्यांच्यावर माझी सायकल आडवी, चेनची बाजू वर. भाच्याची तिच्यावर उलट तोंडाने, मधे पोतं, म्हणजे एकीचं पेडल दुसरीच्या तारांत अडकू नये. तरीही माझ्या पेडलने जाळ्याचा एक फास धरलाच. त्याने तो न ओढता, पेडल मागे फिरवून, फास एकेक घर सोडवत काढला. घाई केली असती तर जाळं फाटलं असतं. मग इंजिन. कोरजाईच्या काठाला लागेपर्यंत त्याने पैशाचा विषय काढला नाही, आणि काढला तेव्हा आकडा इतका कमी होता की भाच्याने न विचारता वाढवून दिले.

तिथून निवती, खवणे, केळूस, वेंगुर्ले. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि राक्षसी आकाराच्या चपला वाहतात. गावाच्या राखणीला रात्रभर फिरून देवाच्या चपला झिजतात, असं सांगतात. झिजलेल्या ब्रेक पॅडचा माणूस शेजारी उभा होता, त्याला ते लगेच पटलं. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं रस्त्यावरून दिसतात. पुढे रेडी, आणि मग तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला नदीच्या ह्या बाजूला असूनही गोव्याचा. खाली उतरलं की शेवटची फेरी, पलीकडे केरी. आम्ही केरीला जाऊन पुळणीवर बसून आलो, तेवढंच. पलीकडचे रस्ते भाड्याच्या स्कूटरींनी भरलेले होते.

आता त्या दाभोळच्या मुलीकडे येते. रेवस-रेडी मार्गाचं काम आता जोरात घेतलंय, आणि ज्या खाड्यांवर आम्ही बोटीने गेलो त्यांतल्या मोठ्या खाड्यांवर पूल येणार आहेत. बागमांडल्याच्या काठावर त्यावर भरपूर गप्पा ऐकल्या. सायकलवाल्यांच्या गटांत ह्यावर हळहळ असते, ती मला समजते. पूल झाला की खाडीचा अडथळा जाईल, मग गोव्याची गाडी इकडून यायला लागेल, रस्ता रुंद होईल, आणि बोटीच्या मापाने येणारी वाहतूक सुट्टी सुटेल. पण रात्री अडलेल्या बाळंतिणीला बोट सकाळी येईल असं सांगणारे आपण कोण? वर्षातून एकदा आठवडाभर आपल्याला शांत रस्ता हवा म्हणून त्या मुलीचं माहेर शंभर किलोमीटरवर ठेवणं मला मान्य नाही. माझी मागणी एवढीच, नव्या पुलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कडेला हातभर जागा सोडावी. आणि ज्यांना हा रस्ता आता आहे तसा बघायचाय त्यांनी फार थांबू नये. महामार्ग सड्यावरून सरळ गेला तरी वाडीवाडीतून जाणारा जुना रस्ता राहीलच. आडे-पाडलं, कशेळी, खवणे ह्या बाजूंना तो बराच काळ रिकामा राहील असा माझा अंदाज आहे.

परतीला शिरोड्याहून रात्रीची खासगी बस. पुढचं चाक काढायचं, पेडलं आत वळवायची, डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी सायकल डिकीत आडवी, खाली चादर. क्लीनर आधी "सायकल नाय चालणार" म्हणतो, मग भाडं सांगतो, मग घासाघीस होते. हे गृहीत धरून बस सुटायच्या तासभर आधी जायचं.

घरी आल्यावर सायकल नेहमीच्या मेकॅनिककडे टाकली. त्याने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांच्या मधला आस, उघडला, आतून लाल चिखल निघाला. सीटचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला, तो काढायला तेल घालून रात्रभर ठेवावा लागला. "मॅडम, सायकल समुद्रात घातली होती काय?"

"घातली नव्हती. होडीत घालून नेली होती."

त्याने चेन आणि कॅसेट बदलायची चिठ्ठी लिहून दिली.